थरावर थर : स्टेन्सिल आणि ॲक्रिलिकविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रे लाकडी पेट्या, ट्रे, बाटल्या आणि भिंतीवर टांगायच्या फळ्या यांवर ॲक्रिलिक रंग, स्टेन्सिल (नक्षी कापून काढलेला पातळ, लवचीक पत्रा), छापील कागद आणि टेक्स्चर पेस्ट (उठावाची नक्षी करायची घट्ट पेस्ट) एकत्र वापरून केलेल्या कामांविषयी आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बऱ्याच तक्रारींचे मूळ एकच आहे : डोळ्यांना खुपतो तो वरचा थर, आणि बिघाड झालेला असतो त्याच्या खाली. त्यामुळे प्रश्न वरच्या रंगाचा असूनही उत्तर अस्तरापासून, म्हणजे रंगाआधी देतात त्या थरापासून, सुरू झाले, तर वाचकांनी कृपया कंटाळू नये.

प्रश्न : स्टेन्सिल कितीही घट्ट दाबून धरली, तरी रंग तिच्या कडेखाली शिरतो आणि नक्षी फुटल्यासारखी दिसते. अधिक चांगल्या प्रतीची स्टेन्सिल घेऊनही फरक पडला नाही. रंग पातळ करावा की घट्ट ठेवावा?

उत्तर : रंग घट्टच ठेवावा, त्यात पाण्याचा थेंबही घालू नये, आणि ब्रशवर तो जवळजवळ नाहीच असे वाटावे इतका कमी घ्यावा. रंग कडेखाली शिरतो तो बहुधा दाब अपुरा पडल्यामुळे नव्हे, तर कडेशी ओला रंग साचल्यामुळे. स्टेन्सिल आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये थोडी तरी फट राहतेच आणि पातळ रंग त्या फटीत आपोआप ओढला जातो. शिवाय लवचीक पत्रा एका जागी बोटाने जोरात दाबला की शेजारची कड किंचित उचलली जाते, म्हणजे आपण जो उपाय समजून करतो त्यानेच रंगाला वाट मिळते.

यासाठी आखूड, ताठ केसांचा आणि सपाट टोकाचा स्टेन्सिल ब्रश घ्यावा. त्याचे फक्त टोक रंगाला लावून मग कागदी रुमालावर गोल गोल फिरवावे आणि रुमालावर ओला ठिपका न उमटता पावडरीसारखा कोरडा डाग उमटू लागला, की मगच ब्रश स्टेन्सिलवर न्यावा. तो उभा धरून हलक्या हाताने ठोके द्यावेत. आडवा ओढू नये, कारण आडव्या फटकाऱ्याने केस कडेखाली घुसतात. पहिला हात फिकट आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसेल, पण त्याने घाबरून जाऊन जास्त रंग घेऊ नये. असे 2 किंवा 3 हात दिल्यावर रंग भरून येतो, आणि इतका पातळ थर काही मिनिटांतच सुकत असल्यामुळे त्यात फारसा वेळही जात नाही.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोन रंगांच्या मध्ये ब्रश धुतला, तर केसांच्या बुडाशी असलेल्या पत्र्याच्या कड्यात पाणी अडकून राहते; टोक कोरडे लागते, पण ठोके देताना ते पाणी हळूहळू खाली उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या फुलाशी कड फुटते. त्यामुळे प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश ठेवणे सर्वांत उत्तम.

पृष्ठभाग खडबडीत असेल, तर एवढ्यानेही भागत नाही. अशा वेळी स्टेन्सिल मास्किंग टेपने चिकटवून आधी तिच्यातून पार्श्वभूमीचाच रंग द्यावा. जे काही कडेखाली शिरायचे ते पार्श्वभूमीच्याच रंगाचे असल्यामुळे दिसत नाही, फट मात्र बुजते. ते सुकल्यावर नक्षीचा रंग द्यावा. पार्श्वभूमी अनेक रंगांची असेल, तर याच कामासाठी पारदर्शक मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेले बिनचमकीचे ॲक्रिलिक, वापरावे. पार्श्वभूमीचा रंग बोटाला कोरडा लागला म्हणून लगेच त्यावर टेप लावू नये, कारण अर्धवट पक्का झालेला रंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा निघून येतो.

प्रश्न : एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) पेटी रंगवून, वर वॉर्निश करून, आठवडाभर वाळवून मगच झाकण बंद केले होते. काही दिवसांनी ते उघडेना. जोर लावल्यावर उघडले, पण कडेचा रंग सोलून निघाला. रंग नीट सुकला नव्हता का?

उत्तर : आपला रंग सुकला होता, आणि म्हणूनच हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. ॲक्रिलिक रंगात रंगद्रव्याबरोबर प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना बिलगून एकसंध पापुद्रा तयार करतात, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांचा ‘लिक्विटेक्स’ हा पहिला ब्रँड 1955 साली बाजारात आला आणि हे रंग कलाकामासाठी इतके सोयीचे ठरले ते याच गुणामुळे. परंतु हा पापुद्रा उष्णतेने मऊ होणारा असतो. त्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून, थोड्याशा उबेत दीर्घकाळ राहिले, तर ते पूर्ण सुकलेले असूनही एकमेकांना चिकटतात. वॉर्निशही त्याच जातीचे असेल, तर ही चिकटण्याची वृत्ती कमी न होता बहुधा वाढते, विशेषतः चकचकीत वॉर्निशमध्ये.

यावर खरा उपाय रंगवण्यापूर्वीच करायचा असतो. झाकण आणि पेटी जिथे एकमेकांना टेकतात त्या कडा टेप लावून झाकाव्यात आणि तिथे रंग देऊच नये. कडा रंगवणे अटळ असेल, तर एकच पातळ हात द्यावा, तो पक्का होऊ द्यावा आणि त्यावर फर्निचरला लावतात ते मेण कापडाने घासून लावावे. यापुढे झाकण पुन्हा चिकटलेच, तर हेअर ड्रायरने गरम करण्याचा मोह टाळावा, कारण उबेने चिकटपणा वाढतो. पेटी थंड जागी ठेवून फटीतून पक्का दोरा करवतीसारखा मागेपुढे सरकवल्यास कमीत कमी नुकसान होते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात पेटीच्या कापलेल्या कडा खरखरीत दिसत आहेत, त्याविषयीही सांगतो. एमडीएफचा सपाट भाग दाबून घट्ट केलेला असतो, पण कापलेल्या कडेला तंतू उघडे पडतात, ते पाणी शोषून फुगतात आणि रंग कितीही द्या, कड तो पीतच राहते. तिथे अस्तराचे दोन हात द्यावेत, प्रत्येक हात सुकल्यावर 320 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलके घासावे आणि घासताना तोंडाला मास्क लावावा, कारण एमडीएफची धूळ श्वसनाला चांगली नसते.

प्रश्न : स्टेन्सिलमधून टेक्स्चर पेस्ट लावून उठावाची नक्षी करते. सुकल्यावर तिला भेगा पडतात. लवकर सुकावी म्हणून हेअर ड्रायर वापरते, तेही योग्य आहे का?

उत्तर : भेगांचे कारण बहुधा तो ड्रायरच आहे, आणि त्याच्या जोडीला थराची जाडी. टेक्स्चर पेस्टमध्ये ॲक्रिलिक बंधक आणि खडूची किंवा संगमरवराची भुकटी असते. पाणी उडताना पेस्ट आकसते. वरून गरम हवा मारली, की वरची साय आधी कडक होते, आतले पाणी नंतर वाट काढते आणि आकसणाऱ्या गाभ्याबरोबर वरची साय फाटते. क्वचित फोडही येतात. पेस्ट आपोआप सुकू द्यावी, आणि एका वेळी थर स्टेन्सिलच्या जाडीपेक्षा फार वर जाऊ देऊ नये. अधिक उठाव हवा असेल, तर पहिला थर पूर्ण सुकल्यावर स्टेन्सिल नेमकी त्याच जागी ठेवून दुसरा द्यावा.

लावताना पॅलेट नाइफ तिरपी धरून शक्यतो एकाच दिशेने ओढावी. पुन्हा पुन्हा फिरवल्यास पेस्ट कडेखाली ढकलली जाते. इथे स्टेन्सिल पेस्ट ओली असतानाच काढायची असते. एक बाजू दाबून धरून दुसरी बाजू सरळ वर उचलावी आणि स्टेन्सिल लगेच पाण्याच्या बादलीत टाकावी. हे पाणी मोरीत ओतू नये. गाळ तळाशी बसू द्यावा आणि तो कचऱ्यात टाकावा.

पेस्ट आतून सुकली की नाही हे ओळखण्यासाठी हाताची मागची बाजू तिला टेकवून पाहावी. भोवतालच्या कोऱ्या भागापेक्षा नक्षी गार लागत असेल, तर आत अजून ओल आहे आणि रंग देण्याची वेळ आलेली नाही. पूर्ण सुकल्यावर आधी पातळ गडद रंग देऊन ओल्या कापडाने वरवर पुसावा, म्हणजे तो खाचांत राहतो, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट किंवा धातूच्या झळाळीचा रंग केवळ उंचवट्यांवरून फिरवावा. मिश्रमाध्यमातील सर्वांत देखणा परिणाम माझ्या मते या दोन साध्या कृतींतूनच मिळतो. वरून चमकी, मणी आणि आरसे चिकटवण्याची घाई अनेकदा त्यावर पाणी फिरवते.

प्रश्न : संगणकावरून छापलेले चित्र फळीवर चिकटवले. वर मीडियम लावताच शाई पसरली आणि कागदाला सुरकुत्याही पडल्या.

उत्तर : आपले चित्र बहुधा इंकजेट छपाईयंत्रावर छापलेले असावे. त्यातील अनेक शाया पाण्याने सुटतात. लेझर छपाईतील भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असल्यामुळे पाण्याला दाद देत नाही. शंका असेल तेव्हा चित्राच्या कोपऱ्यावर ओले बोट फिरवून पाहावे. इंकजेटचेच चित्र वापरायचे असेल, तर त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक फवाऱ्याचे दोन हलके हात देऊन ते सुकू द्यावे आणि मगच ब्रश लावावा.

सुरकुत्या पडतात त्या कागद ओला झाल्यावर प्रसरण पावतो म्हणून. जाड कागद चिकटवण्यापूर्वीच मागून किंचित ओलसर करावा, म्हणजे तो आपले ताणणे आधीच उरकून घेतो. मग मध्यापासून कडेकडे हवा काढत तो बसवावा. नक्षीच्या कागदी रुमालांना मात्र ही रीत चालत नाही. त्यांचा केवळ वरचा छापील पदर वेगळा काढावा, फळीवर मीडियमचा हात देऊन तो पूर्ण सुकू द्यावा, त्यावर पदर पसरावा, वर बेकिंग पेपर ठेवावा आणि मध्यम गरम इस्त्री फिरवावी. खालचा ॲक्रिलिकचा पापुद्रा उष्णतेने मऊ होतो आणि कागद सपाट चिकटतो. पेटीचे झाकण अडवणारा गुण इथे असा उपयोगी पडतो.

प्रश्न : काचेच्या बाटलीवरील रंग नखानेही निघतो. काय करावे?

उत्तर : काच काहीही शोषत नाही, त्यामुळे साध्या ॲक्रिलिकला तिथे धरायला जागा नसते. बाटली साबणाने धुऊन, नंतर स्पिरिटने पुसून, पुढे तिला बोटे न लावता काचेसाठी असलेले अस्तर द्यावे किंवा काचेसाठीचेच रंग वापरावेत. भाजून पक्के होणारे रंग असतील, तर वेष्टनावरील तापमान आणि वेळ पाळावी, आणि भांड्याच्या ज्या भागाला अन्न किंवा ओठ लागतात तो रंगवू नये.

प्रश्न : स्वतः स्टेन्सिल कापताना वर्तुळाच्या आत वर्तुळ असले, की आतला भाग गळून पडतो.

उत्तर : तो भाग बाहेरच्या पत्र्याशी जोडणारे अरुंद ‘पूल’ नक्षीतच राखावे लागतात. ते आखणीच्या वेळीच ठरवावेत आणि नक्षीचा भाग वाटतील असे, म्हणजे पानाच्या शिरेसारखे किंवा पाकळ्यांमधील अंतरासारखे बेतावेत. कापडावर नक्षी उठवण्यासाठी जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या कातागामी स्टेन्सिलींमध्ये तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला कागद पर्सिमन फळाच्या रसाने टिकाऊ करत, आणि अतिशय नाजूक नक्षी असेल तेव्हा कागदाच्या थरांमध्ये रेशमाचे धागे घालून सुटे भाग जागच्या जागी धरून ठेवत. घरच्या कामासाठी पूल साधारण 2 ते 3 मिलिमीटर रुंद ठेवले तरी पुरते; रंगवून झाल्यावर ते नको वाटल्यास बारीक ब्रशने भरून टाकता येतात.

प्रश्न : गडद निळ्या ट्रेवर मॅट वॉर्निश दिल्यावर पांढरट धुके आले. ते पुसून निघेल का?

उत्तर : पुसून निघणार नाही, पण ते नेमके कशामुळे आले आहे यावर पुढचे ठरते. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारणारी भुकटी असते आणि ती बाटलीच्या तळाशी बसते. बाटली नीट न ढवळता शेवटचा घट्ट भाग वापरला, किंवा एकच जाड हात दिला, तर ही भुकटी गडद रंगावर पांढरी दिसते. दमट हवेत अडकलेल्या ओलाव्यानेही असेच धुके येते. ते असेल, तर ट्रे काही दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवल्यावर बरेचसे निवळते, म्हणून आधी तेवढी वाट पाहावी. दोष भुकटीचा असेल, तर चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात दिल्यावर खालचा रंग पुष्कळसा स्वच्छ दिसू लागतो. चमक नकोच असेल, तर त्यावर मॅटचा एकच, अगदी पातळ हात द्यावा, आणि बाटली हलवण्याऐवजी काडीने ढवळावी; हलवल्याने बुडबुडे होतात आणि ते गडद रंगावर धुक्याइतकेच उठून दिसतात.