मिशनरी शिक्षक म्हणून परदेशी निघताय? आधी एवढं बघा

अभिनंदन! सुरुवातीलाच फार पसारा मांडू नका. पहिलं वर्ष भाषेला द्या. मुलांची नावं नीट उच्चारता आली की अर्धा वर्ग तुमचा. पोचताच शाळेची घडी बदलायला निघणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी तिथल्या जुन्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसा.

- व्हिसावर शिकवण्याची आणि धर्मकार्याची परवानगी आहे का, ते लेखी विचारून घ्या. इथे अंदाज चालत नाही.
- देणगीदारांना पत्रं लिहा, पण पालकांना न विचारता मुलांचे फोटो नकोत.
- सुट्टीचा वार ठरवा. (रविवार धरू नका, तो सगळ्यात कामाचा!)

बाप्तिस्म्यांचे आकडे मोजत बसू नका. विल्यम कॅरी हे इंग्रज मिशनरी १७९३ मध्ये बंगालात आले. पहिल्या हिंदूचा बाप्तिस्मा व्हायला १८०० चा डिसेंबर उजाडला. अभ्यासक्रमाचं पोचल्यावर विचारा.