वाचकांचे प्रश्न: आफ्रिकेतल्या खेड्यात बांधकामाला जायचंय

ताई, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका एजन्सीची जाहिरात बघितली, केनियातल्या गावात दोन आठवडे शाळा बांधायला मदत करायची, राहणं-खाणं धरून दीड लाख फी, तिकीट आपलं आपण, शेवटी मसाई माराची सफारी आणि सर्टिफिकेट. घरचे निम्मे पैसे द्यायला तयार आहेत. जाऊ का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझी जायची इच्छा मला फार आवडली, पण हे पॅकेज घेऊ नकोस.

कारण सांगते. केनियातल्या खेड्यात विटा उचलणाऱ्या हातांची टंचाई अजिबात नाहीये. गावोगाव फुंडी असतात, म्हणजे आपले गवंडी, सुतार, वेल्डर सगळेच, आणि त्यातले कितीतरी जण काम मिळेल का म्हणून वाट बघत असतात. तू पहिल्यांदा थापी हातात धरणार, तुझी भिंत ओळंब्यात येणार नाही, मग तुम्ही जेवायला गेलात की तिथला फुंडी ती उतरवून परत बांधणार, असं खरंच होतं. त्याच पैशात त्या फुंडीला आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना कितीतरी दिवसांची मजुरी मिळाली असती. म्हणून एजन्सीला लेखी विचार की दीड लाखातले किती पैसे गावात पोचतात. शाळा कोणी मागितली, जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिक्षक कुठून येणार. केनियात सरकारी शाळेतले शिक्षक टीचर्स सर्व्हिस कमिशन नेमतं, आणि खोली बांधली म्हणून शिक्षक आपोआप मिळत नाही. ह्या प्रश्नांची सरळ उत्तरं आली नाहीत तर विषय संपला.

आता कुठे जावं ते. नैरोबीच्या आग्नेयेला मचाकोस, मकुएनी, किटुई हा कोरडा पट्टा आहे, कांबा लोकांचा मुलूख. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, तोही भरवशाचा नाही. नद्या पावसात दणकून वाहतात आणि नंतर नुसती वाळू. तिथे लोक सँड डॅम बांधतात. नदीच्या पात्रात जिथे खडक वर आलाय तिथे खडकात रुतवून दगड-सिमेंटची किंवा काँक्रीटची भिंत घालायची, पुराबरोबर आलेली वाळू एक-दोन किंवा जास्त मोसमांत भिंतीमागे साठते आणि त्या वाळूच्या पोटात पाणी राहतं, साठलेल्या वाळूच्या २५ ते ४० टक्के आकारमानाइतकं. पाणी वाळूखाली असल्यामुळे उन्हाने फारसं उडत नाही, वरती डासही होत नाहीत, आणि वाळूत गाळलं गेल्यामुळे उघड्या डबक्यापेक्षा बरंच स्वच्छ मिळतं. खड्डा करून, विहिरीतून किंवा हातपंपाने काढायचं.

मला ह्यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर काम कोणाचं आहे ते. गावातल्या बचत गटासारखे स्वयंसहाय्य गट आधी ठरवतात, त्यात बायाच जास्त, मग दगड गोळा करणं, पाणी वाहून आणणं, पाया खणणं हे सगळं गट करतो, वरच्या शेतात बांधबंदिस्तीही तेच करतात. संस्था सिमेंट, लोखंड आणि डिझाईन आणते, भिंत अनुभवी फुंडी बांधतो. ह्यालाच तिकडे हरांबे म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं, केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान जोमो केन्याट्टांनी हीच हाक देशाला दिली. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस गेला तर तो ओळीत उभा राहून घमेली पुढे सरकवतो आणि मुकादम गावातला असतो. हे मला योग्य वाटतं.

आणि तू सिव्हिलची आहेस, घमेल्यांपेक्षा जास्त करू शकतेस. सँड डॅम फसतात ते बहुतेक जागेच्या निवडीत आणि पायाच्या कामात. भिंत खडकाला नीट बसली नाही तर पाणी खालून निघून जातं, भिंतीचे दोन्ही बाजूंचे पंख, म्हणजे टोकं, काठात पुरेसे आत घातले नाहीत तर पूर बाजूने काठ कापत जातो आणि भिंत कोरडी उभी राहते, आणि वरच्या पाणलोटातून वाळूऐवजी बारीक गाळ येत असेल तर पाणी साठतंच कमी. म्हणजे लेव्हल लावून पात्राचा उतार घेणं, पुराच्या खुणा बघून सांडव्याची रुंदी काढणं, वाळूची चाळणी करून बघणं, हे तुला जमणारं काम आहे. आफ्रिका सँड डॅम फाउंडेशन आणि उतूनी डेव्हलपमेंट ऑर्गनायझेशन ह्या तिथल्याच संस्था ह्या पट्ट्यात काम करतात, त्यांना थेट लिही, मी दोन आठवडे नाही तीन महिने देईन, सर्व्हे आणि एस्टिमेट येतं, असं सांग. नाही म्हणाले तर डिग्री पूर्ण कर, दोन वर्षं साईटवर घाम गाळ आणि मग युनायटेड नेशन्स व्हॉलंटिअर्सकडे अर्ज कर, त्यांच्याकडे इंजिनिअरसाठी जागा निघतात आणि तिथे तू पैसे भरायचे नसतात, उलट राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो.

आपल्याच मराठवाड्यात टँकर चालू आहेत, शाळांचे पत्रे उडालेत आणि आपली पोरं आफ्रिकेत बांधकामाला चाललीत. आधी घरचं बघायला नको का?
— एक वाचक, बीड

तुमचा राग मला समजतो. ज्याने कधी आपल्या गावात फावडं धरलं नाही त्याने थेट विमान पकडू नये असंच मीही सांगते. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, मे महिन्याच्या उन्हात तिथे पोरं काम करतात, आफ्रिकेला जायच्या आधी तिथे एक आठवडा काढावा, आपल्याला हे झेपतं का ते कळतं.

पण हे एकमेकांच्या आड येतं असं मला वाटत नाही. १९३४ मध्ये बिहारला भयंकर भूकंप झाला तेव्हा पियरे सेरेसोल नावाचा स्वित्झर्लंडचा इंजिनिअर आपले सोबती घेऊन आला आणि गावं परत वसवायला राबला. त्याने पहिल्या महायुद्धानंतर सुरू केलेली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना आजही देशोदेशी श्रमदानाची शिबिरं घेते. तेव्हा त्याच्या देशातले लोकही म्हणाले असतील की आधी घरचं बघ.

आणि तुमच्या शेजारच्या जालन्याची गोष्ट सांगते. आपल्याकडे बोअरवर आधी जे ओतीव लोखंडी हातपंप बसवले ते घरगुती वापराचे होते, सगळं गाव हापसायला लागलं की मोडायचे. जालन्याला ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी दणकट पंप तयार केला, मग सोलापूरचा पंप आला, आणि त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. तोच पंप पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला, युगांडात त्याला यू टू म्हणतात. पण नुसता पंप बसवून भागत नाही हेही त्यातूनच कळलं. मार्क टू उघडायचा तर सगळे पाईप वर ओढावे लागतात, त्याला जड अवजारं आणि तयार माणसं लागतात, गावाकडे ती नसतात, मग एक छोटं सील गेलं की पंप महिनोन्‌महिने बंद. म्हणून मार्क थ्री आणि मलावी-केनियात तयार झालेला आफ्रिदेव असे बनवले की आतला भाग गावातल्याच लोकांना वर काढता यावा. त्यामुळे पंप बसवायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते, सुट्टे भाग जवळच्या बाजारात मिळतात का आणि दुरुस्ती कोण करणार. बीडमध्ये पंप बसवणाऱ्यालाही हेच विचारायचं.

मी गवंडी आहे, वय ५७, शिक्षण सातवी. भूकंपानंतर लातूर-किल्लारी भागात घरं बांधायच्या कामावर होतो. इंग्रजी येत नाही. पोरगा म्हणतो आफ्रिकेत तुमचा काय उपयोग. खरंय का?
— एक मिस्त्री, औसा

मिस्त्री, अजिबात खरं नाही. ह्या पानावर प्रश्न विचारणाऱ्यांत सगळ्यात जास्त उपयोग तुमचाच आहे.

तुम्ही १९९३ नंतर जे शिकलात ते आठवा. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, ते सगळं माणसांच्या अंगावर आलं, म्हणून नंतर जोत्याला, लिंटेलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, छताला काँक्रीटचे पट्टे घालायचं ठरलं. पूर्व आफ्रिकेतून रिफ्ट व्हॅली जाते, जमीन तिथे हळूहळू फाकतेय. मलावीत कारोंगाला २००९ च्या डिसेंबरात लागोपाठ भूकंप झाले आणि साध्या विटामातीची घरं पडली. तिथल्या गवंड्याला लिंटेल पट्टा कसा बांधायचा, कोपऱ्यात सळई कशी वळवायची, हे इंजिनिअरने फळ्यावर सांगण्यापेक्षा तुम्ही हाताने करून दाखवलेलं लवकर कळेल, त्याला भाषा कमी लागते.

दुसरं विटांचं. मलावी, युगांडात गावातच भट्टी लावतात आणि भट्टीला लाकूड जळतं, त्यात झाडं जातात. म्हणून मातीत ५ ते १० टक्के सिमेंट घालून दाबयंत्रात केलेली, न भाजलेली वीट वापरायला लागलेत. माती बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवायची, रेती किती आणि चिकणमाती किती ते थर बघून कळतं. पण वीट पाडली की लोकांना ती लगेच भिंतीत हवी असते, पाणी मारत सावलीत झाकून ठेवायला धीर नसतो, आणि मग वीट भुसभुशीत राहते. क्युअरिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

मात्र त्यांच्याकडूनही घेण्यासारखं खूप आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत गांडो नावाचं गाव आहे, तिथला मुलगा फ्रान्सिस केरे जर्मनीत शिकायला गेला, पैसे जमवून गावासाठी शाळा डिझाईन केली आणि २००१ मध्ये ती गावानेच बांधून पूर्ण केली. पोरांनी दगड आणले, बायांनी पाणी आणलं, भिंती स्थानिक मातीच्या विटांच्या, आणि पत्र्याचं छप्पर भिंतीपासून वर उचललेलं, म्हणजे गरम हवा मधून निघून जाते. २०२२ मध्ये केरेंना वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे पहिले आफ्रिकन. आज तिथली परिस्थिती जाण्यासारखी नाही, पण उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या शाळेत बसलेली पोरं बघितली की मला ते छप्पर आठवतं.

जायचं कसं? एकट्याने अर्ज करणं तुम्हाला अवघड जाईल, बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि डिग्री मागतात. जिल्ह्यातल्या रोटरी क्लबला भेटा, परदेशात कौशल्य शिकवायला माणसांची टीम पाठवायची सोय रोटरीत आहे. एखाद्या इंजिनिअरबरोबर मास्तर गवंडी म्हणून जा, आणि जायच्या आधी तुमच्या कामाचे फोटो तारखेसकट एका वहीत लावून ठेवा, तेच तुमचं सर्टिफिकेट.

मुलगा केनियात श्रमदानाला जातोय. लस, व्हिसा काय बघायचं?
— एक आई, डोंबिवली

पिवळ्या तापाची लस घ्यायचीच, निघायच्या निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं केंद्र आहे. ते सर्टिफिकेट परत येताना लागतं, नसेल तर आपल्याकडे विमानतळावरून थेट क्वारंटाईनमध्ये जावं लागू शकतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, साईटवर खिळे आणि सळया असतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, त्याला कुठल्या भागात जायचंय ते नीट सांगून घ्या, नैरोबीत धोका कमी आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला बराच आहे. मजबूत बूट आणि हातमोजे इथूनच द्या.

केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायची परवानगी, सुरू केलंय, ते ऑनलाइन निघतं. पण ते फिरायला जाण्यासाठी. काम बिनपगारी असलं तरी वेगळी परवानगी लागू शकते, तिकडे त्याला स्पेशल पास म्हणतात, आणि तो मिळवून द्यायची जबाबदारी बोलावणाऱ्या संस्थेची. टांझानियात स्वयंसेवकाला क्लास सी रेसिडेन्स परमिट लागतं. संस्था म्हणाली की काही नको, टुरिस्ट म्हणून या, इमिग्रेशनला फिरायला आलोय सांगा, तर तिकीट काढू नका. उद्या चौकशी झाली तर अडकणार तुमचा मुलगा, संस्था नाही.