किंमत बघा, मग कव्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रद्दीवाल्याकडे 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' या जुन्या अमेरिकन कॉमिकचा अंक मिळाला. कव्हरवर ॲडम स्ट्रेंज, किंमत १५ सेंट. विकणारा म्हणतो, या हिरोचा हा पहिलाच अंक. खरं मानायचं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अंक अस्सल असेल, पण पहिला नक्कीच नाही. ॲडम स्ट्रेंज पहिल्यांदा आला १९५८च्या अखेरीस, 'शोकेस'च्या १७व्या अंकात. तिथे तीन अंक झाल्यावर १९५९मध्ये ५३व्या अंकापासून तो 'मिस्टरी इन स्पेस'मध्ये गेला. 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' १९५०पासून निघत होतं. त्यात तो ठाण मांडून बसला १९६९मध्ये, २१७व्या अंकापासून, आणि त्या बहुतेक गोष्टी पुन्हा छापलेल्या. तुमचा अंक त्यातलाच.

किंमत ही पहिली खूण. ही कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीचे नेहमीचे अंक १९६१च्या अखेरीपर्यंत १० सेंटला होते, मग १२ आणि १९६९पासून १५. त्यानंतर पहिल्या पानाच्या तळाशी किंवा कव्हरच्या आत मुंगीएवढ्या अक्षरांत नाव, क्रमांक आणि महिना असतो, तो वाचा. तो कव्हरशी जुळत नसेल, तर कव्हर दुसऱ्या अंकाचं आहे. महिना मात्र विक्रीच्या दोन-तीन महिने पुढचा छापलेला असतो.

कव्हरवर भुलू नका, ते भुलवायलाच असतं. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ बऱ्याचदा कव्हर आधी काढून घेत आणि लेखकाला त्यावर गोष्ट बेतायला लावत. 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या १९५१मधल्या ८व्या अंकावर गोरिला होता. अंक दणकून खपला आणि पुढे कितीतरी कव्हरांवर गोरिला आला. आतली गोष्ट त्या तोडीची निघेलच असं नाही.

प्रश्न : घर खाडीजवळ. प्लॅस्टिकमध्ये ठेवूनही पानं पिवळी पडली, पिनांना गंज चढला. काय चुकलं?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : बहुधा पावसाळ्यात पिशव्या बंद केल्या असाव्यात. बाहेरची दमट हवा पिशवीत कोंडली, की ती पिनेवरच निघते. पिशव्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी भरा, त्याआधी अंक तासभर पंख्याखाली ठेवा. वाऱ्याचा झोत थेट पानांवर नको. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची हवी. पीव्हीसी कालांतराने चिकट होऊन छपाई उचलतं. साठच्या दशकातल्या अंकांना सव्वासात इंच रुंद, साडेदहा इंच उंच पिशवी बसते. मागे आम्लरहित बोर्ड घाला. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चालणार नाही, त्यातलं आम्ल कागदात उतरतं.

अंक झाकणाच्या डब्यात उभे, एकमेकांना टेकून ठेवा. ओल शोषणारं सिलिका जेल डब्यात, पिशवीत नाही. मणी सुटे असतील तर रंग बदलला की ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. कपाट पावसाच्या झडीच्या भिंतीला लावू नका. डांबरगोळ्यांचा वास कागदात मुरतो, सेलोटेपचा गोंद तपकिरी डाग सोडतो. गंजलेली पिन उपटलीत तर भोकाशी कागद फाटेल. पिवळेपणा जात नाही. तो न्यूजप्रिंटमधल्या लिग्निन या लाकडातल्या घटकाचा, उजेड आणि उष्णता त्याला वाढवतात.

प्रश्न : ॲडम स्ट्रेंजला दुसऱ्या ग्रहावर नेणारा झीटा किरण बहुतेक दक्षिण गोलार्धातच का पडतो? तो ज्या ताऱ्याकडून येतो, तो इथून दिसतो का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : किरण येतो अल्फा सेंटॉरीकडून, म्हणजे आपल्या नरतुरंग तारकासमूहातल्या 'मित्र' ताऱ्याकडून. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त, म्हणून पेरूमध्ये दरी ओलांडताना ॲडमला गाठणारा किरण चार वर्षांपूर्वीच निघालेला. तारा आकाशातल्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला ६१ अंशांवर. तो डोक्यावर येईल अशा जागा दक्षिण गोलार्धातच.

आपल्याकडून दिसतो, पण जेमतेम. आपण १९ अंश उत्तरेला, म्हणून तो क्षितिजापासून फार तर १० अंश वर येतो. मेच्या अखेरीस, ढग नसतील तर रात्री साडेदहाच्या सुमारास थेट दक्षिणेला बघा. शेजारी उजवीकडे 'मित्रक' तारा, आणि दोघांची रेघ उजवीकडे वाढवली की त्रिशंकू तारकासमूह. हात सरळ ताणून क्षितिजावर मूठ ठेवा, तारा मुठीच्या वरच्या कडेशी असेल. मुठीएवढ्या उंचीत एखादा टॉवर येत असेल, तर दुसऱ्याची गच्ची गाठावी लागेल.