वडिलांच्या डोळ्यात स्टिरॉइडचा ड्रॉप चालू आहे, बंद करावा का?

उसाचं पातं लागून वडिलांच्या बुबुळावर जखम झाली, अँटिबायोटिक चालू असताना तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्टिरॉइडचा ड्रॉपपण दिला आणि आता पाहुणे म्हणतायत त्यानं डोळा जाईल, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरातच ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आधी एक करा, आपल्या मनानं कुठलाच ड्रॉप बंद करू नका.

स्टिरॉइड जंतू मारत नाही, ते काम अँटिबायोटिकचं. पण जंतू मेले तरी सूज बुबुळाची नासाडी करतच राहते आणि मागं पांढरं फूल पडतं, ते कमी पडावं म्हणून स्टिरॉइड देतात. यावर मोठी चाचणी झालीय, स्कट नावाची, 500 पेशंट, बहुतेक सगळे तमिळनाडूतल्या अरविंद हॉस्पिटलचे, निकाल 2012 ला आला. सगळ्यांना आधी 48 तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, मग निम्म्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि निम्म्यांना औषध नसलेला ड्रॉप. तीन महिन्यांनी सरासरी नजरेत काही फरक नाही! पण ज्यांना सुरुवातीला फक्त बोटं मोजण्याइतकंच किंवा त्याहून कमी दिसत होतं त्यांना फायदा दिसला, आणि बुबुळाला भोक पडायचं प्रमाणही स्टिरॉइडनं वाढलं नाही. नोकार्डिया नावाच्या जंतूत मात्र स्टिरॉइड घेतलेल्यांचा व्रण मोठा राहिला.

आता महत्त्वाचं. हे सगळं बॅक्टेरियाचं, तेही कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सिद्ध झालेलं. बुरशी असेल तर स्टिरॉइडनं ती फोफावते, आणि आपल्याकडं उसाचं पातं, पाचट लागून झालेल्या जखमेत बुरशीचीच भीती जास्त. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, स्क्रेपिंग केलंय का? डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा थोडा भाग खरवडून काचेवर घेतात, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे लगेच दिसू शकतात, कल्चरला काही दिवस जातात. रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया आला असेल आणि डॉक्टर सारखं बोलावून बघत असतील तर पाहुण्यांचं ऐकू नका. स्क्रेपिंगच झालं नसेल तर आजच त्यांच्याशी बोला, पटलं नाही तर कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या डॉक्टरांना दाखवा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला डोळ्यांचा विभाग आहेच. दुखणं वाढलं, पांढरा ठिपका पसरला किंवा नजर अजून कमी झाली तर सकाळची वाट बघू नका.

आणि हो, उरलेली बाटली घरात दुसऱ्या कुणाचा डोळा लाल झाला म्हणून घालू नका, मेडिकलमधून परस्पर तर आणूच नका. रिपोर्ट मिळाला की त्यात काय आलं ते इथं लिहा.