डोळे मिटले की तेच दिसतं

प्रश्न : ग्रुपवर आलेला अपघाताचा भीषण व्हिडिओ चुकून पाहिला. आठवडा झाला, दिवा मालवायची भीती वाटते. – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही भित्र्या नाही आहात, धोक्याची चित्रं मेंदू घट्ट धरून ठेवतोच. आठवण दाबू नका, दाबली की ती जास्त उसळते. ‘आठवण आली, व्हिडिओ संपलाय’ एवढं म्हणा. मग ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, असं ५ मिनिटं. व्हिडिओ पुन्हा उघडू नका, डिलीट करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद करा. रात्रभर दिवा लावून झोपल्यानं भीती टिकते, म्हणून उजेड रोज थोडा कमी करा. घरी सांगाच. महिन्यानंतरही झोप-अभ्यास बिघडलेला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याआधीही असह्य झालं, तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ : मोफत, २४ तास, मराठीतून.