पहिलीच मनाली-लेह एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल) राइड? आधी एवढं बघा

नाव नोंदवलंत, भारी केलंत! गिअर रेशो, सस्पेन्शन, ट्यूबलेस वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नका, नंतर बघू.

सगळ्यात महत्त्वाची उंची. मनाली साधारण ६,५०० फुटांवर आणि वाटेतली ‘टांगलांग ला’ खिंड १७,५०० च्या आसपास, त्यामुळे पाय कितीही तयार असले तरी हवा विरळ झाली की दम लागतोच, आणि नवखे नेमके पहिल्याच दिवशी पुढच्या ग्रुपच्या मागे जीव काढून पळतात. असं करू नका. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच स्पीडने चढा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर लगेच लीडरला सांगा, लपवू नका, त्रास वाढला तर बॅकअप गाडीत बसून खाली यायचं, त्यात कसली लाज?

बाकी:
- पुण्यात असाल तर सिंहगड चढा, पण शनिवार-रविवार लागोपाठ. दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी परत सायकलवर बसायची सवय हवी.
- चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. चढावर जोर लावत गिअर बदलला की चेन कडकडते, कधी तुटते पण.
- पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर नको, शिवण घासून सोलवटतं.
- उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही मिळून. वळणात खडीवर पुढचा दाबला की आडवेच.
- नवीन सॅडल (सीट), नवीन शूज ऐनवेळी नकोत.

आणि मागचं चाक काढून परत बसवायला घरीच शिका, मेकॅनिक प्रत्येक वेळी जवळ नसतो.