कुलपाला दोष देण्याआधी दार उघडं ठेवून हँडल फिरवा

या सदरात मी दारं-खिडक्यांच्या दुरुस्तीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देते. आयटीआयला फिटरचा ट्रेड केला, नंतर खिडक्यांच्या कामात पडले. आता वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. या वेळची बहुतेक पत्रं डबल काचेच्या दारा-खिडक्यांची आहेत. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून जी दारं नीट बंद होत नाहीत त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कासारवडवलीला बाराव्या मजल्यावर राहतो. रस्त्याचा आवाज नको म्हणून बाल्कनीला यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकच्या चौकटीचं) डबल काचेचं दार बसवलं. सकाळी ते छान लागतं, पण दुपारी तीननंतर हँडल वर उचलताच येत नाही. सासूबाई घरी एकट्या असतात. त्या दोन्ही हातांनी जोर लावून कसंबसं लावतात. चावीवाला म्हणाला, आतलं मशीन गेलंय, बदलावं लागेल. बदलायचं का?

उत्तर : अजून नाही. मशीन, म्हणजे कुलपाची आतली यंत्रणा, गेलं असतं तर ते सकाळीही चाललं नसतं. तुमच्या पत्रातलं ‘दुपारी तीननंतर’ हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बाल्कनी पश्चिमेला असणार.

पहिली परीक्षा घरच्या घरी करा. दार पूर्ण उघडं ठेवा आणि हँडल वर उचला. दाराच्या कडेच्या लांब पट्टीतून हुक आणि रोलर अलगद बाहेर आले, किल्लीही सहज फिरली, तर कुलूप धडधाकट आहे. दार लावल्यावरच अडत असेल तर हुक चौकटीवरच्या किपरच्या (हुक ज्यात अडकतात त्या पट्टीच्या) खाचेत शिरत नाहीत, काठावर आपटतात. दार उघडं असतानाही हँडल जड जात असेल, तरच मशीनकडे वळायचं.

असं का होतं ते सांगते. यूपीव्हीसी तापलं की वाढतं. एक मीटर लांबीमागे दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर. तुमचं दार २.१ मीटर उंच धरलं आणि सकाळ-दुपारच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर उंचीत जवळजवळ ३ मिलिमीटरची वाढ होते. शिवाय उन्हाची बाजू जास्त तापते आणि दार किंचित वाकतं. दार गडद रंगाचं असेल तर आणखी. किपरच्या खाचेत इतका फरक सामावून घ्यायला जागा असते, पण दार मुळात मध्यावर बसलेलं असेल तरच. तुमचं खाली बसलंय, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

त्याचं कारण काचेचं वजन. ५ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. डबल काचेत अशा दोन, म्हणजे २५ किलो. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच काच असेल तर नुसत्या काचेचं वजन ५० किलो, आणि ते एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतं. वरची बिजागरी ओढली जाते आणि कुलपाकडचा खालचा कोपरा उतरतो. उंबऱ्याच्या पट्टीवर तिथे घासल्याचा चट्टा दिसतोय का बघा. दार आणि चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, तेही बघा. नेमकं कुठे अडतंय हे कळायला हुकांच्या टोकांना फळ्याचा खडू चोळा, दार लावून हँडल हळूच उचला आणि किपरवर खडू कुठे उमटला ते पाहा. खाचेच्या खालच्या काठावर उमटला तर दार उतरलंय.

दुरुस्ती बिजागरीपासून सुरू होते. बऱ्याच यूपीव्हीसी दारांच्या बिजागऱ्यांवर प्लास्टिकची टोपी असते आणि तिच्याखाली ॲलन कीचे स्क्रू असतात. एक उंचीचा, एक डावी-उजवीकडचा. उंची वाढवताना सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवायच्या, एका वेळी अर्धा फेरा, आणि दर वेळी दार लावून बघायचं. नुसता कोपरा उतरला असेल तर आधी वरची बिजागरी आत ओढून घ्यायची.

एवढ्याने भागलं नाही तर काचेचं पॅकिंग नव्याने करावं लागतं. बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) काढून काचेच्या कडांशी प्लास्टिकच्या पट्ट्या ठरावीक जागी बसवतात : खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वर तिरप्या समोरच्या, कुलपाकडच्या कोपऱ्यात. मग काच स्वतःच तिरप्या टेकूसारखी दाराला वर धरते. बसवताना हे पॅकिंग घाईत केलेलं असलं की काही वर्षांत दार बसतंच. हे काम मात्र घरच्यांनी करू नये. ५० किलोची काच मोकळी होते, आणि तुम्ही बाराव्या मजल्यावर आहात. दोन जाणकार माणसं हवीत.

कारागीर आल्याआल्या किपरची खाच कानशीने मोठी करू लागला तर त्याला थांबवा. दार लागेल, पण सैल लागेल. हँडल उचललं की रोलर दाराला चौकटीच्या रबरावर दाबून धरतात, आणि आवाज अडतो तो त्या दाबामुळे. फट राहिली तर दोन काचा असूनही रात्रीचे ट्रक बेडरूममध्ये ऐकू येतील.

सासूबाईंना आजच सांगा : हँडल उचलण्याआधी दुसऱ्या हाताने दार कुलपाजवळ चौकटीकडे दाबून धरायचं. अडलं तर सोडून द्यायचं, संध्याकाळी दार निवल्यावर लावायचं. हँडलची दांडी लांब असल्यामुळे हाताचा जोर आत कितीतरी पटीने जातो, आणि मशीनमधल्या गिअरबॉक्सचे (हँडल फिरलं की हुक हलवतो त्या भागाचे) तुकडे बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. ते वाकत नाहीत, थेट तुटतात. आज चांगलं असलेलं मशीन असंच जातं, आणि ते गेलं की दार बंद अवस्थेत अडकतं. तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालणारं माणूस बाहेर अडकू शकतं. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : खारघरला आमच्या बेडरूमच्या खिडकीचं हँडल गोल गोल फिरतं, पण खिडकी उघडत नाही. दुकानात गेलो तर ‘कंपनी कोणती, साइझ काय’ विचारतात. काय सांगायचं?

उत्तर : हँडल मोकळं फिरतंय म्हणजे तीनपैकी एक गोष्ट गेली आहे : हँडल, त्यातली चौकोनी सळई किंवा आतला गिअरबॉक्स. हँडलच्या बुडाशी असलेलं झाकण थोडं उचलून आडवं फिरवा. खाली दोन स्क्रू दिसतील, ते काढले की हँडल हातात येतं. आता शटरच्या (खिडकीच्या उघडणाऱ्या पाखेच्या) भोकात नीट बसेल अशी चौकोनी सळई घालून पकडीने फिरवा. खिडकी उघडली तर नशीब चांगलं, फक्त हँडल किंवा त्याची सळई बदलायची आहे. सळई फिरते पण आत काहीच हलत नाही, असं झालं तर गिअरबॉक्स तुटला आहे. तो बंद खिडकीतून काढणं कौशल्याचं काम आहे, जाणकाराला बोलवा. बाहेरून पटाशी घालून शटर उचकटलं तर प्रोफाइल (ज्या पोकळ पट्ट्यांचं शटर बनतं ते) चिरतं, आणि मग अख्खं शटरच बदलावं लागतं.

दुकानदाराला मापं द्या. खिडकीच्या हँडलची सळई बहुतेक ७ मिलिमीटर चौकोनी असते आणि दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर ४३ मिलिमीटर. ही मापं जुळली तर दुसऱ्या कंपनीचं हँडलही बसतं. सळई बाहेर किती आली आहे तेवढं नक्की मोजा. आखूड पडली तर ती गिअरबॉक्समध्ये अर्धवटच शिरेल आणि महिन्याभरात पुन्हा घसरेल. दाराची सळई वेगळी, साधारण ८ मिलिमीटर. दाराच्या मशीनसाठी आणखी तीन मापं घ्या : कडेच्या पट्टीची रुंदी, पट्टीपासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि सळईच्या मध्यापासून किल्लीच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप पुष्कळ दारांत ९२ मिलिमीटर असतं, पण ८५ चंही असतं. अंदाजाने आणू नका. पट्टीवर कोरलेल्या खुणेचा फोटो काढा, आणि शक्य असेल तर जुना भागच घेऊन जा. जवळपास मिळाला नाही तर मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर विचारा. तिथे जुना तुकडा काउंटरवर ठेवला की जोडीचा शोधणं सोपं जातं.

प्रश्न : पाचपाखाडीहून लिहिते आहे. आमची खिडकी आडवीही उघडते आणि वरून झुकतेही. परवा मुलाने ती उघडी असतानाच हँडल वर फिरवलं आणि शटर वरच्या कोपऱ्यात सुटून तिरकं लोंबकळायला लागलं. आम्ही दोरीने बांधून ठेवली आहे. पडेल का?

उत्तर : दोरीने बांधलीत हे चांगलं केलंत. शटर अजून खालच्या कोपऱ्यातल्या बिजागरीवर आणि वरच्या कात्रीसारख्या हातावर धरलेलं आहे, त्यामुळे एकदम खाली येत नाही. तरी मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि हे काम दोघांनी मिळून करा.

या खिडक्यांना टिल्ट अँड टर्न म्हणतात. हँडल खाली म्हणजे बंद, आडवं म्हणजे दारासारखी उघडी, वर म्हणजे झुकलेली. हँडल वर गेलं की वरचा हात शटरपासून मोकळा होतो, म्हणून ते फक्त खिडकी बंद असतानाच वर करायचं. आता एकाने शटरला खालून आधार द्यायचा आणि बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीकडे दाबत न्यायचा, म्हणजे तो हात शटरच्या वरच्या कडेला चपटा टेकेल. दुसऱ्याने हँडलजवळ शटरच्या कडेवर एक छोटा खटका असतो तो बोटाने आत दाबून धरायचा आणि हँडल आडवं करायचं. हात शटरमध्ये परत अडकतो. मग खिडकी पूर्ण लावून हँडल खाली.

हा खटका चुकीच्या वेळी हँडल फिरू नये यासाठीच असतो. उघड्या खिडकीचं हँडल फिरलं याचा अर्थ तो झिजला आहे किंवा धुळीने अडकला आहे. तो दुरुस्त करून घ्या, आणि लहान मूल असल्यामुळे किल्लीचं हँडल बसवा. किल्ली मात्र मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा एकाच ठिकाणी ठेवा. आग लागली तर खिडकी लगेच उघडता आली पाहिजे.

प्रश्न : नेरुळला पामबीच रोडच्या बाजूला घर आहे. दाराची किल्ली जड फिरते, हँडलवर पांढरे फोड आलेत, स्क्रू गंजलेत. कुलपात खोबरेल तेल घालते, चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

उत्तर : तेल बंद करा. खाडीकडून येणारा खारा वारा आणि बांधकामांची धूळ, दोन्ही त्या तेलाला चिकटतात आणि सिलिंडरच्या बारीक पिनांमध्ये चिखल होतो. सिलिंडरमध्ये फक्त ग्रॅफाइटची पूड घाला, तीही अगदी कमी. हुक-रोलर आणि रबरावर सिलिकॉन स्प्रे चालतो. गंज सोडवणारे पेट्रोलियमचे स्प्रे रबरावर जाऊ देऊ नका. ते रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि अशा तेलांनी फुगतं.

पांढरे फोड म्हणजे आतलं जस्त गंजतंय. ते पुसून जाणार नाहीत. हँडल पक्कं असेल तर चालू द्या, हलायला लागलं की बदला. स्क्रू मात्र आत्ताच बदला, स्टेनलेसचे घ्या. तुमच्या भागात ३०४ पेक्षा ३१६ ग्रेडचे टिकतात, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला तोंड देतं. थोडे महाग पडतात, पण माझ्या मते खाडीच्या बाजूला दुसरे वापरूच नयेत.

ग्रॅफाइटनेही किल्ली सुधारली नाही तर सिलिंडर बदला. पूर्ण कुलूप लागत नाही. दाराच्या कडेवर, सिलिंडरच्या समोर एक लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली किंचित फिरवली की मधला कान (किल्लीबरोबर फिरणारा तुकडा) सिलिंडरच्या रेषेत येतो आणि सिलिंडर बाहेर सरकतो. त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा, कारण ३०-४० आणि ३५-३५ दोन्ही ७० मिलिमीटरच भरतात, पण एकाच्या जागी दुसरं नीट बसत नाही. नवीन सिलिंडर बाहेरच्या पट्टीच्या फार पुढे येता कामा नये. पुढे आलेलं टोक चोराला पकडीत धरून मोडता येतं.

महिन्यातून एकदा हार्डवेअर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. चौकटीच्या तळाची पाणी जाण्याची भोकं पावसाआधी तारेने मोकळी करा. ती बुजली की पाणी खालच्या किपरपाशी साचतं आणि तोच आधी गंजतो.

प्रश्न : ऐरोलीला भाड्याच्या घरात राहतो. स्लायडिंग खिडकीचं टच लॉक लागत नाही.

उत्तर : आधी खालचा ट्रॅक साफ करा. मग शटरच्या कडेला तळाशी असलेल्या भोकातून रोलरचा स्क्रू फिरवून शटर थोडं वर घ्या, दोन्ही बाजूंनी सारखं. बहुतेक वेळा लॉक पुन्हा पकडीसमोर येतं.

प्रश्न : ठाण्यात माजिवड्याला राहतो. खिडकीचं हँडल तुटलंय आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतंय. कंत्राटदार म्हणतो, पूर्ण खिडकी बदला.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींसाठी चौकटीला हात लावायची गरज नाही. धुकं धरतं कारण काचांच्या कडेचं सील फुटलंय. मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात, ते भरले की ओल काचांच्या आतल्या बाजूला साचते. भोक पाडून ती वाळवण्याचा उपाय कोणी सुचवला तर घेऊ नका. जुनी दोन काचांची जोडी काढून त्याच मापाची आणि त्याच जाडीची नवी बसवतात, चौकट आणि शटर तेच राहतात. हँडलचं वर खारघरच्या वाचकांना सांगितलं तसंच करा. प्रोफाइल चिरलेलं नसेल, कोपऱ्यांचे जोड उघडलेले नसतील, तर पूर्ण खिडकी बदलायचं कारण मला दिसत नाही. कंत्राटदाराकडून काचेची जोडी, हँडल आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून मागा, आणि काच काढली की आतलं पॅकिंगही नवं करायला सांगा.